परळचा रविवार, निपाणीची वखार

आषाढात बेळगावच्या आसपासच्या गावांत वार पाळतात. देवीच्या यात्रेआधीच्या ठरावीक मंगळवारी आणि शुक्रवारी शेताकडे कुणी फिरकत नाही. वडगावात मंगाईची यात्रा जवळ आली की ही पाळणूक सुरू होते आणि नेमके तेव्हाच भाताच्या लावणीचे, भांगलणीचे दिवस डोक्यावर असतात. पाऊस चांगला लागलेला, चिखल तयार, आणि गाव मात्र हात बांधून बसलेलं. अनगोळ, वडगाव, शहापूर या पट्ट्यातल्या जुन्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. अमावस्येला सुतार-लोहारांनी हत्यार धरायचं नाही. आज अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेत लेथ फिरतात आणि फौंड्र्यांच्या भट्ट्या पेटतात, पण खंडेनवमीला तिथलं यंत्रही हळदकुंकू लावून घेतं आणि गप्प बसतं.

या जुन्या सुट्ट्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. बैलाला सोमवार होता, सालगड्याला मालकाच्या मर्जीपलीकडे वार नव्हता. बाईमाणसाचं तर विचारूच नका. वार पाळला म्हणून चूल बंद राहिली, असं कधी झालं नाही. तरी या पाळणुकीत एक व्यवहार पक्का होता. थांबायचं ते सगळ्या गावानं एकदम थांबायचं. एकानं वार मोडून औत धरलं आणि शेजाऱ्यापेक्षा दोन सऱ्या पुढे गेला, असं गावकी चालू देत नव्हती. विश्रांती हा प्रत्येकाच्या मर्जीचा मामला ठेवला, तर आधी गरजवंताची विश्रांती जाते, हे गावाला कुठल्याही कायद्याच्या आधी कळलेलं होतं.

गिरणीला ना अमावस्या ठाऊक होती ना मंगळवार. १८८०च्या सुमाराला मुंबईच्या कापडगिरण्या उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालत. दिवस मोठा तसं काम मोठं, म्हणजे उन्हाळ्यात हाल जास्त. मोठ्या सणांना गिरणी बंद असे, पण आठवड्याची अशी हक्काची सुट्टी नव्हती. एखाद्या रविवारी गिरणी थांबलीच, तर अर्धा दिवस यंत्रं पुसायला यावं लागे. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो मुलांपुरता. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घेऊ नये, बारा वर्षांपर्यंतच्या पोराला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये आणि महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात, एवढंच त्यात होतं. मोठ्या माणसांबद्दल त्यात एक ओळ नव्हती, आणि शंभरापेक्षा कमी माणसं असलेला कारखाना तर कारखानाच धरला जात नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही कोंडी फोडायला घेतली. ठाण्यात वाढलेला, गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात घडलेला हा माणूस १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवत होता. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या दोन सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचंच आश्चर्य वाटतं. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत मजुरी मिळावी, कायमचा जायबंदी झाला तर पोटाची सोय व्हावी. आठ तासांचं नाव नाही. दिवस उगवण्या-मावळण्याच्या आत काम आटपावं, एवढंच मागितलं होतं, आणि तेही जास्त वाटलं.

रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, बहुजनांच्या कुलदैवताचा, अशी लोखंड्यांची बाजू सांगितली जाते. साहेबाचा चर्चचा दिवस आणि जेजुरीचा दिवस एकच निघाला, हा योगायोग कामगारांच्या पथ्यावर पडला.

अर्ज झाले, कमिशनं झाली, वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन बायका बोलल्या. १८९० साली, दहा हजार गिरणी कामगारांपुढे, सुट्टी मागायला उभ्या राहिलेल्या दोन बायका! त्यांच्याबद्दल आपल्या इतिहासानं एवढं कमी लिहावं, याचा राग यायला हवा. १० जूनला मिलमालकांच्या संघटनेनं आठवड्याची सुट्टी मान्य केली.

या विजयाला एक बाजू आणखी आहे. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायदा यावा म्हणून सगळ्यात मोठा गलका करत होते लँकेशायरचे कापडवाले. मुंबईचा मजूर तासन् तास राबतो म्हणून मुंबईचं सूत स्वस्त पडतं, ही त्यांची पोटदुखी. त्यामुळे ‘केसरी’, ‘मराठा’सारख्या राष्ट्रीय पत्रांना फॅक्टरी कायदा म्हणजे देशी धंद्याचा गळा घोटण्याचा डाव वाटे. तो संशय खोटा नव्हता. पण मँचेस्टरच्या स्वार्थातून का होईना, परळच्या माणसाला झोप मिळत असेल तर ती नाकारायची कशाला, असा लोखंड्यांचा सरळ हिशेब होता. त्यांच्या ‘मिलहँड्स असोसिएशन’ या गिरणी कामगारांच्या संघटनेला ना वर्गणी होती ना घटना, म्हणून पुढच्या अभ्यासकांनी तिला युनियन म्हणायलाही का-कू केलं. तरी रविवार आला तो तिच्याच हातून. लोखंडे १८९७च्या प्लेगात गेले.

१८९१च्या कायद्यानं आठवड्याच्या सुट्टीवर शिक्का मारला, बायकांना अकरा तासांची मर्यादा घातली आणि पुरुषांचे तास मोकळे सोडले. पन्नास किंवा जास्त माणसं आणि यंत्रशक्ती असेल तिथंच कायदा. त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यात या मापात बसणारी मोठी जागा म्हणजे गोकाकची गिरणी. १८८५ मध्ये काढलेली, घटप्रभेच्या धबधब्याच्या पाण्यावर चालणारी. बाकी जिल्हा हातमागाचा, शेतीचा आणि तंबाखूचा. शहापूरचा विणकर घरात खड्ड्यात पाय सोडून माग चालवायचा, त्याला कुठला कायदा लागणार? त्यात शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. एका रस्त्यानं कायदा बदलायचा.

पुढची पन्नास वर्षं म्हणजे तासांची घासाघीस. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच नाहीशी झाली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९११ला कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची सीमा आली. १९१९ला वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत जगासाठी आठ तास ठरले, हिंदुस्थानसाठी मात्र आठवड्याला साठ. कामगारांच्या बाजूनं तिथं ना. म. जोशी गेले होते. १९२०च्या संपात मुंबईनं दहा तास मिळवले, १९२२च्या कायद्यात आठवड्याचे साठ तास आले, १९३४ला चौपन्न.

चौपन्नाचे अठ्ठेचाळीस करणारा माणूस निपाणीला येऊन गेलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीत आले. त्या वेळी विषय वेगळे होते. एकवीस वर्षांनी, १९४६च्या सुरुवातीला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य म्हणून त्यांनी फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांत दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास झाले. स्वतंत्र भारताच्या १९४८च्या कायद्यात हाच आकडा कायम राहिला. आज, पाऊणशे वर्षांनंतरही, तोच आहे. १८८४ ते १९४८ या चौसष्ट वर्षांत आठवडा निम्म्याच्या जवळ आला आणि तिथं जो थांबला तो थांबला.

आकडा खाली आला, पण निपाणीच्या वखारीपर्यंत तो पोचायला आणखी वेळ लागला.

निपाणी आणि तंबाखू ही नावं आपल्याकडे जोडीनंच येतात. आजूबाजूच्या काळ्या रानातला विडीचा तंबाखू इथं वखारीत येतो. तो वाळवायचा, कुटायचा, काड्या वेगळ्या करायच्या, चाळायचा, पोत्यांत भरायचा. ही कामं बायकांची. चाळणीतून उडणारा खकाणा नाकातोंडात जातो, पदर कितीही घट्ट बांधला तरी जातो. नवी बाई पहिले काही दिवस चक्कर येऊन बसते, मग सवय होते म्हणतात. घरी गेल्यावर तान्ह्या पोराला जवळ घ्यायचं तर आधी अंग धुवायला हवं, आणि पोर तर दारातच रडत असतं. वखारीत घड्याळ असलं तरी ते मालकाच्या बाजूनं चालायचं. माल आला की लवकर या, गाडी भरायची असली की उशिरा जा. मुकादमाची जीभ आणि नजर दोन्ही सांभाळायची.

विडी वळणाऱ्यांचं गणित निराळं. त्यांना दिवसाचा पगार नाही, हजारावर दर. पानं आणि तंबाखू कारखानदाराकडून मोजून घ्यायचा, वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या, त्यातल्या नापसंत निघतील त्या ‘छाट’ म्हणून बाजूला जाणार. छाट ठरवणारा कारखान्याचा माणूस. ज्याची मजुरी हजारावर, त्याला रविवारची सुट्टी म्हणजे एक दिवसाची उपासमार. परळची मागणी मुळात महिन्याच्या पगाराच्या माणसाची होती. तिथं तास कमी झाले तरी पगार तोच राहील यासाठी भांडता आलं. हजारी दरात तास कमी करायचे तर आधी दर वाढवावा लागतो, आणि दर वाढला की काम दुसऱ्या गावी जातं.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. विडी-सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आठवड्याची एक सुट्टी, बायकांना रात्रीचं काम नाही, पाळणाघर, सगळं त्यात होतं. केरळनं तो अमलात आणायला घेतल्याबरोबर, १९६८ मध्ये, मंगळूर गणेश बीडी वर्क्सनं कण्णूरकडचे कारखाने बंद केले. हजारो कामगार एका फटक्यात रस्त्यावर आले. त्यांच्यातूनच १९६९ला केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी राहिली, हा त्यातला उजेडाचा भाग. पण बहुतेक ठिकाणी दिनेश झाली नाही. विडी कारखान्याच्या छपराखालून उठली आणि बायकांच्या घरातल्या ओसरीवर जाऊन बसली. घरात बसून, भाकरीच्या आणि पोराच्या मधल्या वेळात विड्या वळणाऱ्या बाईचे तास मोजायला इन्स्पेक्टर कुठून येणार? कायद्यानं आठवडा आखून दिला आणि धंद्यानं आठवड्याची भिंतच काढून टाकली.

वखारीच्या बायकांना मात्र भिंत होती, फाटक होतं आणि फाटकाशी उभं राहता येत होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली त्यांना एकत्र करायला सुरुवात केली. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात. सोपं नव्हतं. वखार मालकाची आणि बाजारपेठही त्याच्याच ओळखीची. युनियनमध्ये गेलेली बाई कामावरून जाण्याच्या भीतीत. बायका जातीजातींच्या आणि धर्माधर्मांच्या, काही देवदासी. एकीचं बळ कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ते पाण्याच्या हंड्यापासून सुरू करावं लागतं, कोण कुणाच्या हातचं पाणी पिणार इथून. संघटनेनं पुढे देवदासींचा प्रश्नही हाती घेतला, तो यातूनच.

या बायकांचं नशीब एका बाबतीत बरं, की त्यांच्याकडे बघायला माणसं आली. दीपा धनराज, आभा भैय्या, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ गटानं महिनोन् महिने त्यांच्यात राहून १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. वखारीच्या आत कॅमेरा गेला. बायकांनी स्वतःच्या तोंडानं काम, मजुरी, मुकादम, संप सगळं सांगितलं. छाया दातार यांनी याच लढ्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९८९ला निघाला. मुंबईच्या १८९०च्या सभेत बोललेल्या दोघींचं जे झालं नाही, ते निपाणीच्या बायकांचं झालं. त्यांचं बोलणं राहिलं. आणि त्या बोलण्यात तास, मजुरी आणि वागणूक हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. कल्याणाच्या आजच्या चर्चेत मन:स्वास्थ्य वेगळ्या खणात, पगार वेगळ्या खणात आणि रजा वेगळ्या खणात ठेवतात. चाळणीवरच्या बाईला हे खण माहीत नव्हते. आपल्याशी नीट बोलत नाहीत आणि सांजवेळी सोडत नाहीत, हे तिचं एकच दुखणं होतं.

त्याच काळात निपाणीत आणखी एक मोठी गोष्ट घडत होती. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी मार्च १९८१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग अडवून ठाण मांडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, बारा शेतकरी गेले. सीमाभागात निपाणीचं आंदोलन म्हटलं की आजही आधी हेच आठवतं. वखारीतल्या बायकांचा लढा त्याच्या सावलीत राहिला. वास्तविक दोघांची गाठ त्याच व्यापाऱ्याशी. शेतकऱ्याला भाव कमी देणारा आणि बाईला मजुरी कमी देणारा हात एकच होता. पण भाव मागणाऱ्याच्या शेतातही मजूर बाईच राबत होती, हे अवघड वळण दोन्ही बाजूंनी फार बोलून दाखवलं नाही.

अनगोळची वाट निराळी. इथं तंबाखू नाही. इथं माग होते, भात होतं आणि नंतर उद्यमबाग आली. मागाचं गणित विडीसारखंच, साडीवर मजुरी. हातमागाचे यंत्रमाग झाले तेव्हा खटखट वाढली आणि रात्र कमी झाली. घरातले दोन-चार माग म्हणजे कायद्याच्या लेखी कारखाना नव्हे. १९४८च्या कायद्याला विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं तरी लागत. विणकराच्या घरात नवरा, बायको, मुलगा आणि एखादा कामगार, म्हणजे चार. उद्यमबागेतल्या मोठ्या कारखान्यांत आठ तासांची पाळी, पीएफ, ईएसआय, रविवार. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपात माणसं नऊ. हा नवाचा आकडा अपघातानं नऊ राहत नसे, हे त्या भागात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पाळी संपवून दुसरीकडे चार तास ‘ओव्हरटाइम’ करणारा माणूस कागदावर कुठंच बारा तास काम करत नाही.

दरम्यान सरकारी कचेऱ्यांचा आठवडा आखडत गेला. केंद्र सरकारनं १९८५ मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस आला. कर्नाटकात सरकारी नोकरांना दुसऱ्या शनिवारबरोबर चौथा शनिवार २०१९ मध्ये मिळाला. त्यामुळे आमच्या सीमाभागात गंमत होते. एकाच घरातला एक भाऊ कागलच्या कचेरीत आणि एक निपाणीच्या, तर शनिवारी एकाचा चहा निवांत आणि दुसऱ्याची धावपळ. सीमाप्रश्नाच्या ढीगभर दाव्यांत हा मुद्दा अजून कुणी घातलेला नाही. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात पगार न कापता आठवडा पस्तीस-छत्तीस तासांवर आणून पाहिला, कामही अडलं नाही आणि माणसंही खूश राहिली. ते वाचून इथल्या वाचकाला वाटतं, हे थंड देशांचं कौतुक. त्यांच्याकडेही ते संघटनांनी रेटून घेतलं, हे बातमीच्या तळाशी असतं.

इथं वारं उलट्या दिशेनं आहे. एका मोठ्या आयटी कंपनीच्या संस्थापकानं २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास सांगितले. २०२५ला दुसऱ्या एका कंपनीच्या अध्यक्षानं नव्वदचा आकडा काढला आणि रविवारी घरी बसून काय करणार, असंही विचारलं. लोखंड्यांनी मिळवलेला वार एकशे पस्तीस वर्षांनी पुन्हा चर्चेला आला तो असा. त्याआधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, कर्नाटक विधिमंडळानं फॅक्टरी कायदा दुरुस्त केला. दिवसाची मर्यादा नवावरून बारा तासांपर्यंत नेता येईल, आठवड्याचे अठ्ठेचाळीस कायम. तिमाहीतला ओव्हरटाइम पंचाहत्तर तासांवरून एकशे चव्वेचाळीस. बायकांना रात्रपाळीची मुभा, काही अटींवर. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि चार दिवसांच्या आठवड्याची बातमी पुन्हा फिरू लागली. चार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस. गणित बरोबर आहे. भट्टीपुढे उभ्या माणसाच्या नवव्या तासात आणि बाराव्या तासात जो फरक असतो, तो मात्र या गुणाकारात येत नाही. आणि दोन तासांचा रस्ता धरून चौदा तास घराबाहेर असलेली बाई उरलेल्या तीन दिवसांत आराम करील, असं ज्याला वाटतं त्यानं आयुष्यात कधी घर सांभाळलेलं नसावं.

कर्नाटकाच्या दुरुस्तीत बारा तासांच्या पाळीला कामगाराची लेखी संमती हवी, असं कलम होतं. वाचायला ते सभ्य वाटतं. पण संमती एकेकट्याची घ्यायची, मालकाच्या टेबलासमोर, आणि नको म्हणणाऱ्याच्या जागेवर सही करायला गेटाबाहेर दुसरा उभा. परळला सह्या झाल्या होत्या त्या साडेपाच हजार, एका अर्जावर. निपाणीत वखारीच्या फाटकाशी उभ्या राहिल्या त्या सगळ्या मिळून. आणि नऊ माणसांच्या वर्कशॉपात हे कलमही नव्हतं. विड्या वळणाऱ्या घरात तर नव्हतंच. तिथं अजून दर हजारावर आहे. विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी विडीवर बसणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर रद्द झाला. कामगाराचं ओळखपत्र मात्र तसंच राहिलं, आणि पानांची मोजणी, छाट आणि पुन्हा मोजणीही.